पाच नंबरचं बटण

"तुम्हीसुद्धा आहात हो त्यात, अक्का!" वत्सलाबाईंनी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, आणि बाहेर ओसरीवर अक्कांशेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाला, श्रीवत्सला, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच्या आईने तो खेळ एकदाही खेळून पाहिला नव्हता. पोरगा बंगळूरला मोबाइलवरचे खेळ बनवतो, त्यातल्या एकात आपली मळमड्डीची गल्ली आहे आणि समोरच्या हेमावती अक्का आहेत, एवढं ऐकल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. २००५ च्या दिवाळीला तो घरी पोचतो न पोचतो, तोच तिने अक्कांना बोलावणं धाडलं होतं.

"बघू रे, वत्सा. कशी दिसते मी?" अक्कांनी चष्मा पदराने पुसला.

"दुसरीच कुणीतरी आहे हो ती. आईचं आपलं काहीतरी."

"अय्यो, लाजतोस काय? दे की इकडं."

त्याने मोबाइल दिला. न देऊन सांगतो कुणाला? काडेपेटीएवढ्या पडद्यावर एका बाजूला विहीर होती आणि कुंपणाआड एक पोरगं दबा धरून बसलं होतं. मग विहिरीकडून लाल लुगड्यातली एक म्हातारी कळशी घेऊन निघाली, जरा डावीकडे झुकून. अक्का अजूनही तशाच चालत.

"चार दाबलं की पोरगं मागे, सहा दाबलं की पुढे," श्रीवत्स म्हणाला.

"आणि पाच?"

"पाच दाबलं की... शिवायचं."

मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून मळमड्डीला हा खेळ पाठ होता. भल्या सकाळी अक्का विहिरीवर न्हाऊन सोवळ्याचं, त्यांच्या भाषेत मडीचं, पाणी घेऊन निघाल्या, की बिनआंघोळीची पोरं कुंपणाआड जमत आणि त्यातलं एक धावत जाऊन त्यांना शिवून येई. झालं, मडी मोडली! अक्का त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, कळशी ओतून टाकत आणि पुन्हा न्हायला विहिरीवर जात. शिवणारं पोरगं बहुतेक वेळा श्रीवत्सच असे. कंपनीत त्याच्या या खेळाची वाहवा झाली होती. तीनच बटणं, कुणालाही जमेल असा, आणि कधी न संपणारा. खेळणाऱ्याला क्षणभरही रिकामं बसू द्यायचं नाही, हे त्याने मीटिंगमध्ये छाती पुढे काढून सांगितलं होतं.

अक्कांनी पाच दाबलंच नाही. म्हातारी पोराच्या समोरून गेली, पडद्याच्या कडेला पोचली आणि दिसेनाशी झाली. मोबाइल कर्कश वाजला. पोराचा एक जीव कमी झाला.

"का रे वाजलं? काही बिघडलं काय?"

"नाही अक्का. तुम्ही शिवला नाहीत ना, म्हणून."

"राहू दे की पोराला उभं. जाऊ दे तिला." त्यांनी डोळे बारीक केले. "आता ही परत कोण आली?"

"तीच."

"तीच? आत्ता तर गेली ना घरात?"

"घर नाहीये त्यात."

अक्कांना ते पटलं नसावं. बटणांना हातही न लावता त्यांनी म्हातारीला आणखी दोनदा जाऊ दिलं. एकदा ती कडेला नाहीशी होऊन विहिरीवरून पुन्हा निघाली, दुसऱ्यांदा पुन्हा कडेला पोचली. मग पोराचे तिन्ही जीव संपले आणि पडदा काळा झाला.

"आत सासूबाई असायच्या," अक्का मोबाइलकडे बघतच म्हणाल्या. "अंथरुणावर. मी मडीचं पाणी नेल्याशिवाय घोटभरसुद्धा घ्यायच्या नाहीत. एकदा थंडीत तुम्ही मला चारदा शिवलात. त्या दिवशी त्यांना पाणी मिळायला दुपार झाली." त्या किंचित हसल्या. "तुम्हाला कुठलं ठाऊक असणार म्हणा. मडीचं वेडही आमचंच की."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांची त्याला लहानपणापासून सवय होती. हे हसणं मात्र त्याच्याने बघवेना. आपण या बाईची थट्टा हजारो लोकांच्या खिशात नेऊन ठेवली आणि तिला जायला एक दार काढायचंसुद्धा आपल्याला सुचलं नाही, या विचाराने त्याचे कान तापले.

"मी बदलतो, अक्का. ती घरात पोचेल असं करतो."

"मग खेळणार कोण?" अक्कांनी सरळ विचारलं.

आतून वत्सलाबाई चकलीची ताटली घेऊन आल्या. "कसा वाटला खेळ?"

"छान आहे," अक्का म्हणाल्या. "म्हातारी अगदी माझ्यासारखीच काढलीये."

आई हरखून श्रीवत्सकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही.

अक्का जायला उठल्या. ओसरीच्या पायरीशी थांबून त्यांनी त्याच्याकडे हात पुढे केला.

"धर रे जरा. गुडघा वाकत नाही."

तो उभा राहिला, पण जागचा हलला नाही.

"अय्यो, धर की! मडी कधीच सुटली माझी."

अक्का हात तसाच पुढे धरून थांबल्या होत्या, आणि श्रीवत्सला त्यांना शिवायचा धीर होत नव्हता.