साफ आलेख

"हालू नको म्हनलं ना वं!" मागच्या महिन्यात जयवंत आपल्या सहा वर्षांच्या लेकीवर, भूमिकावर, खेकसला होता. पोरीच्या मेंदूतल्या गाठीत कोणती रसायनं किती वाढलीत, ते एमआरआयच्या मशीनवर मोजायचं होतं; पण ती जरा हलली की सगळा आलेख बिघडायचा. ती रडली, वळवळली, आणि बापलेक सदरच्या दवाखान्यातून हात हलवत कन्हानला घरी परतले.

आज तिला स्ट्रेचरवरून आणलं; गेले काही दिवस तिनं डोळे उघडले नव्हते. आलेख पहिल्याच वेळी निघाला.

"झालं भाऊ, एकदम साफ आला," टेक्निशियन म्हणाला.

जयवंतने तिचा तळपाय हातात धरला. गुदगुल्या केल्या. मग चिमटा काढला.

"हाल वं माय. आता नाही रागावत मी."