नवा पडदा

महिन्याभराने घरी आल्याआल्या केतकीने विचारलं, "बाबा, आई कशी आहे?"

"देखणी दिसते गं आता," अच्युतराव कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं मन तेवढं त्या यंत्रात जपलेलं होतं. जुन्या ओबडधोबड पडद्यावर 'बोला' असं ठसठशीत बटण होतं. डिझायनर केतकीने गेल्या खेपेला तो पडदा हौसेने नवा, सुंदर करून दिला होता.

"फक्त तिला हाक कुठून मारायची, ते सापडलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"अहो बाबा, हा कोपऱ्यातला ठिपका!"

"तो होय? मला वाटलं, नक्षी आहे."

केतकीने ठिपका दाबला. आईचे महिन्याभराचे साठलेले निरोप उघडले. प्रत्येकात एकच प्रश्न होता, "अहो, रागावलात का माझ्यावर?"