कंसातलं नाव

"नावापुढे कंसात 'पेटीफोड्या' घालतो, वहिनी," शवपेट्यांच्या दुकानातला ओब्राद म्हणाला. नवऱ्याच्या निधनाची पत्रकं छापून घ्यायला देसांका त्याच्यासमोर उभी होती.

"घालायचं नाही."

"अहो, गावात तीन वितोमिर इलिच आहेत. खांबांवर नुसतं नाव चिकटवलं तर लोकांना कळणार कसं, कोण गेलं ते?"

"पंधरा वर्षांचं पोर होतं ते, चर्चची दानपेटी फोडली तेव्हा. कोर्टानंसुद्धा पुसून टाकलंय सगळं."

"कोर्ट काय खांदा द्यायला येणारे? बरं, फोटो तरी द्या."

फोटो नव्हता. एकदा पोलिसांनी काढला, त्यानंतर वितोमिरनं कुणाला काढू दिला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.

देसांका हट्टाला पेटली होती. जन्मभर या गावानं त्याला नळ दुरुस्तीला बोलावलं आणि तो यायच्या आत कपाटांना कुलपं लावली. हाक मारली ती त्याच नावानं, आणि तीही लाडानं. शिवी असती तर भांडता तरी आलं असतं. घरात तिनं तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. निदान शेवटच्या कागदावर तरी माणसाला त्याचं नाव मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. ओब्रादनं खांदे उडवले आणि नुसतं नाव छापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्मशानाच्या दारात पाद्री होता, खड्डा खणणारे दोघं होते आणि देसांका होती. शहरातल्या इस्पितळातून तिनं मयत थेट इथं आणलं होतं. मयताला येणाऱ्यांना द्यायला शिजवलेल्या गोड गव्हाच्या वाडग्यावर माशा बसत होत्या. पेटी उचलायला माणसं नव्हती.

पाद्री घड्याळ बघायला लागला तशी ती समोरच्या गुत्त्यात शिरली.

"माझ्या नवऱ्याला खांदा द्या हो कुणीतरी. वितोमिर इलिच."

"कोण, गिरणीवाला? तो तर सकाळीच भेटला मला."

"मग तो खालच्या आळीतला लंगडा असेल."

"नाही हो," देसांका म्हणाली. "नळाची कामं करायचा, तो."

"नळाची?" म्हाताऱ्या राद्येनं कपाळाला आठ्या घातल्या. "नळाची कामं तर आपला पेटीफोड्या करतो."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. देसांकानं टेबलाची कड घट्ट धरली.

"तोच," ती म्हणाली. "पेटीफोड्या गेला."

खुर्च्या धडाधड मागे सरकल्या. टोप्या उतरल्या. प्रत्येकानं गेलेल्याच्या नावानं ग्लासातले दोन थेंब जमिनीवर सांडले. राद्येच्या डोळ्यांना खरोखरच पाणी आलं. "अरे देवा, पेटीफोड्या गेला? मग तसं लिहायचं ना, वहिनी! आम्ही काय परके?"

अर्ध्या तासात अख्खा गाव लोटला. खांद्यांना तोटा नव्हता. पेटी धरायला चढाओढ लागली. बायका देसांकाच्या गळ्यात पडून रडल्या. सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलत होते, आणि त्याच नावानं बोलत होते.

पेटी खड्ड्यात उतरली. पाद्र्यानं हात वर केला आणि मोठ्यानं म्हटलं, "हे प्रभू, तुझा दास वितोमिर याला शांती दे."

मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "वितोमिर कोण रे?"