शेवटपर्यंत दाबलेलं पेडल

"ताई, वाट लागली तुझ्या पेडलची!" ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या विजेच्या लाटेकडे बघत मिहिर म्हणाला. "हळू दाबलं की पल्स बारीक, आणखी दाबलं की रुंद. इथवर झकास. पण पार शेवटपर्यंत दाबलं की पल्सच गायब, मोटर बंद. कंपॅरेटरची जोडणी चुकलीय तुझी."

"काही चुकलेलं नाही," इरावती म्हणाली आणि तिने पेडल आईच्या शिलाई मशीनखाली सरकवलं.

तिने पेडलला जोडलेल्या चिपमधला कंपॅरेटर दोनच गोष्टी ताडून बघत होता. एकीकडे सारखा चढून कोसळणारा व्होल्टेज, दुसरीकडे पेडलचा. पेडलचा वरचढ असेल तेवढाच वेळ मोटरला वीज, तोच पडद्यावरचा पल्स. म्हणजे पाय जितका खाली, तितका वेग जास्त. धाकट्या भावाचं म्हणणं पुस्तकाला धरून होतं. पण शेवटच्या टोकाला मोटर बंद पाडणारी ओळ इरावतीने प्रोग्राममध्ये मुद्दाम घातली होती, आणि तिचा त्या ओळीवर पूर्ण भरवसा होता.

आई खुर्चीत बसली. दिवाळीत सुई बोटातून आरपार गेली, तेव्हापासून तिने मशीनला हात लावला नव्हता. अर्ध्या घाटकोपरच्या साड्यांना फॉल-पिको करणारी बाई, पण आता मशीन दिसलं तरी हात पदराखाली घ्यायची. आज जमलं नाही, तर खालच्या मजल्यावरची शकु संध्याकाळी मशीन घेऊन जाणार होती.

"नक्की थांबेल ना गं?"

"थांबेल. तू शिव."

मशीन हळू चालू लागलं, मग जरा जोरात. आईचे खांदे सैल झाले. इरावतीला बरं वाटलं. तेवढ्यात फॉलची कड दुमडली, कापड सुईखाली ओढलं गेलं आणि त्याच्याबरोबर आईचं बोटही. आई किंचाळली. मिहिर भिंतीवरच्या स्विचकडे धावला.

मशीन त्याच्या आधीच थांबलं होतं. सुई नखाच्या जरा वर उभी होती.

तिघांनी खाली पाहिलं. आईचा पाय पेडलवरच होता, जमिनीला टेकेपर्यंत दाबलेला.

"म्हणजे दिवाळीतही..." मिहिर पुटपुटला.

आईने पायावरची नजर इरावतीकडे वळवली. "घाबरले की मी पाय दाबते, हे तुला कुणी सांगितलं गं? माझं मलाच ठाऊक नव्हतं."

"शाळेत सोडायला यायचीस, तेव्हा रस्ता ओलांडताना बस अंगावर आली की माझा हात कोण आवळायचं? दुखतंय, सोड म्हटलं, की तू आणखी आवळायचीस."

आईने बोट चाचपून पाहिलं, दुमडलेली कड सरळ केली.

"मिहिर, शकुला फोन कर. येऊ नकोस म्हणावं," ती म्हणाली, आणि पाय उचलून तिने तो पुन्हा अलगद पेडलवर ठेवला.