दाबलेलं बटण

बायको एस्थर वारली त्याला वर्ष झालं होतं. तिच्या गीतांची वही टाईप करायची म्हणून सॅमसनसरांनी शिरूरच्या बाजारातून नवा कॉम्प्युटर आणला, पण तो सुरूच होईना. चालू केला की पडदा काळाच राहायचा आणि आतून एकच सूर लागायचा, न थांबणारा.

त्यांनी दुकानदार रविराजला फोन लावला.

"सर, कीबोर्डवरचं एखादं बटण दाबून राहिलं की असं व्हतं. हात काढा बरं."

"हात मांडीवर हायेत माझे."

फोन ठेवून त्यांनी चष्मा लावला. डावीकडचं एक बटण खरंच खाली गेलेलं होतं. नखानं उचलून पाहिलं, तर ते वर येईना. वरून कुणी बोट ठेवावं तसं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. कोपऱ्यात एस्थरची बाजाची पेटी कापडाखाली झाकलेली होती. चर्चमधल्या उपासनेत गीताचा शेवटचा सूर ती असाच धरून ठेवायची, सरांची प्रार्थना संपेपर्यंत.

सरांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमेन."

सूर थांबला. डोळे उघडले, तर बटण वर येत होतं.

मग अगदी सावकाश, त्याच्या शेजारचं खाली गेलं.