पाच घरं आगीची

सपनाने कागद सतरंजीवर पसरला आणि लाल चौकटींवर एकेक करून बोट ठेवलं. "आठ घरं असतात, गुरुजी. त्यातली पाच आगीची. माती दोन, लाकूड एक. धातू न्हाई, पाणी तर नावालाबी न्हाई. ही धम्मदीपदादाची. आन तुमच्या पल्लवीच्यातबी चार घरं आगच हाय. दोघांत पाणी कुठंच न्हाई. कसा व्हायचा संसार?"

मुंजाजी गुरुजींनी चष्मा लावला, कागद पाहिला, चष्मा काढला. मनात पाल चुकचुकली. साखरपुडा होऊन महिना झाला होता. निम्म्या आखाडा बाळापूर गावाला लग्नाचं तोंडी आवतण गेलं होतं. पल्लवी आतल्या खोलीत दाराला कान लावून बसली होती आणि तिचा धम्मदीपवर किती जीव आहे, हे बापाला पक्कं ठाऊक होतं. आणि आज मुलाची धाकटी बहीण आईला घेऊन येते काय, चिनी ज्योतिष काढते काय. नांदेडला सहा रविवारांचा क्लास केला म्हणे.

"आपल्यात पत्रिका बघत न्हाईत, बाई," गुरुजी म्हणाले.

"ही ती पत्रिका न्हाई. चिनी हाय. बुद्धाला मानणाऱ्या लोकांची."

वा रे पठ्ठी! गुरुजींच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर घरातून हाकललेलं पंचांग ही पोरगी बुद्धाचं नाव घेऊन परत आणत होती. गुरुजी वरवर हसले. पण त्यांचं लक्ष सपनाकडे नव्हतंच. शिकलेल्या पोरीला नवं खूळ लागतं, चालायचंच. त्यांचं लक्ष होतं मुलाच्या आईकडे, पद्माबाईकडे. आल्या आल्या 'जय भीम' घातला तेवढाच, त्यानंतर चकार शब्द नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. समोरचा चहा निवून गेला.

कुठंतरी पाणी मुरत होतं. दुसरं स्थळ आलं असणार, कळमनुरीकडची एखादी नोकरीवाली. आपल्या तोंडानं नकार द्यायला जड जातं, म्हणून बाईनं लेकीच्या हातात चिनी कागद दिला. बरं, लेकसुद्धा मघाशी बोलून गेली होती, "दादाच्या जन्माची येळ इचारली तर आई काही सांगतच न्हाई, म्हणून मी सकाळ धरली." गुरुजींनी ते बराबर ऐकलं होतं.

आणि कागदावर तारीख होती एक जून.

ती तारीख गुरुजींच्या घरचीच. डोंगरकड्याकडच्या एका वाडीवर त्यांनी एकोणीस वर्षं पहिलीच्या पोरांची नावं रजिस्टरात घातली होती. घरी जन्मलेल्या लेकरांची तारीख कुणाला सांगता यायची? कुणी म्हणे ज्वारी काढणीला, कुणी म्हणे पोळ्याच्या पुढंमागं. गुरुजी ऐकत बसत नसत. एक जून ठोकून मोकळे. वर्गच्या वर्ग एकाच दिवशी जन्मलेला, धम्मदीप त्यातलाच एक. म्हणजे या पाचही आगी चीनमधून आल्या नव्हत्या, गुरुजींच्या पेनातून उतरल्या होत्या. सपनाला हे माहीत नसेल, तिचा तेव्हा जन्मही नव्हता. पण पद्माबाईला? आपला पोरगा जूनचा नाही, हे आईला ठाऊक नसेल? आणि तरी बाई ढिम्म.

सरकारी रजिस्टरात आपण अंदाजपंचे तारखा मारल्या, हे स्वतःच्या तोंडानं होणाऱ्या विहिणीपुढं कबूल करायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. पण आत लेक बसली होती.

"सपना, ही तारीख खोटी हाय. म्या लिहिली. धम्मदीप जूनचा हायच असं न्हाई."

सपना आईकडे वळली. "मग खरी सांग, आई. मी परत मांडते."

"व्हय, सांगा," गुरुजी म्हणाले. "आता तरी बोला. काहून गप्प बसून राहिल्या?"

"मला म्हाईत न्हाई," पद्माबाई म्हणाली.

आता मात्र गुरुजींचा पारा चढला. "सोयरीक मोडायची तर सरळ मोडा, पद्माबाई. माय हाय आन लेकराचा जलम म्हाईत न्हाई? तारीख ऱ्हाऊ द्या. उन्हाळा व्हता का पावसाळा, एवढं तरी?"

पद्माबाईने पदर सोडला. पहिल्यांदाच तिने मान वर केली.

"वीटभट्टीवर व्हतो आमी. शेजारच्या झोपडीतली बाई तापानं गेली. मागं हे दीडदोन वर्साचं लेकरू. त्याचं कुणीच आलं न्हाई, मग आमीच उचललं." सपनाचा हात कागदावर तसाच राहिला. "धम्मदीपला म्हाईत हाय," पद्माबाई लेकीकडे न बघता म्हणाली. "तुलाच सांगितलं न्हाई. भाऊच हाय तो तुझा, काहून सांगायचं?"

गुरुजींना मघाचे आपलेच शब्द टोचायला लागले.

"शाळेत नाव घालायला आणलं, तवा लई भ्याले व्हते मी," पद्माबाई म्हणाली. "म्हनलं, गुरुजी इचारतील, कधी झालं, कुठं झालं. मग काय सांगू? तुमी वर बघितलंबी न्हाई. तारीख लिहिली आन माझ्या लेकराला आत बसवलं. तवाच मनात धरलं, गुरुजी, पोराची सोयरीक करायची तर याच घरी."