आवाज गेलेली सायकल

फाट्यावरून डावीकडे वळून थोडं खाली उतरल्यावर तिने मागे पाहिलं, तर बाबा नव्हते.

नुसता काळा उतार होता. कधी काळी डोंगराच्या पोटातून उकळत आलेला आणि समुद्रापाशी थिजलेला दगड, त्यावर तसलीच काळी खडी आणि त्या खडीतून गेलेली काळीच वाट. डावीकडची वाट खाली गावात जायची, उजवीकडची थेट कड्यावर. उजवीकडे कुणाला न्यायचं नाही, हा नियम बाबांचाच. गावाची ही वाटच मुळी त्यांनी हातात टिकाव घेऊन तयार केली होती. ते कसे चुकतील?

सकाळपासूनच त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. खरं तर दिवस आनंदाचा. सोमवारी ती दूरच्या शहरात, सायकल-सहली काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मुख्य गाइड म्हणून रुजू होणार होती. इथल्या सहली यापुढे बाबा एकटेच नेणार होते. तिच्या जाण्याआधीची ही दोघांची शेवटची फेरी, म्हणून तिने आदल्या दिवशी आपली सायकल पार खोलून पुसली आणि मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरलं. पायडल मारायचं थांबवलं की ते फ्रीव्हील टिकटिक टिकटिक करून नुसतं डोकं उठवायचं. आता एकदम गप्प. बाबांनी चाक फिरवून पाहिलं, कान लावला. आता तरी हे शाबास म्हणतील, असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहराच पडला.

"मेली की काय तुझी सायकल?" एवढंच म्हणून ते हेल्मेट आणायला आत गेले.

शाबासकीच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून कंजूष. उभ्या आयुष्यात एकदाच दिली, तीही आडवळणाने. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी म्हणाले, आजपासून तू पुढे हो, मी मागून येतो. बस्स. तिला आभाळ ठेंगणं झालं. आईला सांगून झालं, मैत्रिणींना सांगून झालं, दारात आलेल्या दूधवाल्यालासुद्धा तिने सोडलं नाही. नोकरीच्या मुलाखतीतही तिने मान ताठ करून तेच सांगितलं होतं की बाबांनी मला पुढे घातलंय.

आजही शेतांमधून बाबा झकास आले. हिरव्या गवतातून जाणारी पांढरी पायवाट, दगडी बांध, मेंढ्यांसाठी लावलेलं फाटक, कुठे म्हणून अडखळले नाहीत. काळा दगड सुरू झाला आणि घोळही सुरू झाला. मध्येच करकचून ब्रेक लावत होते, मध्येच बोलत राहा म्हणत होते. हे तर नवीनच. तिची बडबड सुरू झाली की तोंडाला कुलूप घाल म्हणणारे हेच ते बाबा. काय बोलू, असं तिने विचारलं, तर काहीही बोल म्हणाले. सायकलबद्दल एक चांगला शब्द निघाला नव्हता तोंडातून, आणि म्हणे बोल. तिने गाल फुगवले आणि गुपचूप उतारावर सायकल सोडून दिली.

आता ती धापा टाकत फाट्यावर परत आली. उजवीकडच्या खडीत टायरचा ओरखडा दिसला आणि तिने सायकल तिकडे पिटाळली.

बाबा कड्याच्या अगदी अलीकडे उभे होते. सायकल आडवी पडली होती. पुढच्या चाकापासून दोन हातांवर जमीन संपत होती. लाटांचा आवाज फारच जवळ आला म्हणून थांबलो, असं ते म्हणाले. फाटा चुकला म्हणे.

तिच्या मनात नको नको ते आलं. हे विसरायला लागले की काय? तिने आईचा वाढदिवस विचारला. सायकलींच्या दुकानाच्या कुलपाचा नंबर विचारला. गेल्या सहलीला कोण कोण होतं, तेही विचारलं. बाबांनी सगळं धडाधडा सांगितलं आणि वर, परीक्षा कसली घेतेस, म्हणून झापलं. डोकं तर शाबूत होतं. मग हे काय चाललंय? तिला काही म्हणता काही कळेना.

वैतागून ती सायकल ढकलत त्यांच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिच्या अंगात काळं जाकीट होतं, मागे काळा कातळ. चाक मुकाट फिरलं. बाबा मात्र ती आधी उभी होती त्या जागेकडेच बघून तिला झापत राहिले.

ती जागच्या जागी थिजली. मग तिने पाण्याची प्लास्टिकची बाटली चाकूने कापली आणि तिची एक पट्टी चाकाच्या तारांना घासेल अशी दांड्याला बांधली. चाक फिरवलं. टर्रर्र आवाज आला, आणि बाबांचं तोंड झटकन तिच्याकडे वळलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुला पुढे घातलं ना, तेव्हापासून."

हिरव्यातलं अजून दिसतं, पण काळ्यावरचं काळं दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी बोललो असतो तर तू नोकरी घेतली नसतीस. सहली नेणार वगैरे सगळ्या थापा. सोमवारी तू गेलीस की सायकल खुंटीला टांगायची, असं ठरवूनच ते आज निघाले होते.

तिचे डोळे भरून आले, आणि त्या रडण्यात बाबांची काळजी किती होती आणि दोन वर्षं मिरवलेला मान गेल्याचं दुःख किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे मी लायक होते म्हणून नाहीच," ती म्हणाली. "पुढे टिकटिक करणारं कुणीही चाललं असतं तुम्हाला."

बाबांनी वाकून सायकल उचलली, चाचपडत हँडल धरलं आणि तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"टिकटिक काय, कुठल्याही सायकलीची असते," ते म्हणाले. "कड्याच्या इतक्या जवळून दोन वर्षं मी फक्त तुझ्याच मागे आलो."